पहिल्या धारेच्या आधी काय घडतं?

डिसेंबरात काटोलहून मावसभावाने संत्र्यांचे दोन क्रेट पाठवले. खाऊन खाऊन तोंड आंबलं, वाटून वाटून शेजारी कंटाळले, तेव्हा उरलेल्यांचा रस काढला. त्यात साखर ढवळली, दोन काचेच्या बाटल्यांत भरला आणि फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून त्या ओट्याखालच्या कपाटात ठेवल्या. एकीचं झाकण मी घट्ट पिळलं, दुसरीच्या झाकणाचे आटेच गेले होते म्हणून ते नुसतं टेकवलं. आठवडा उलटला आणि एका रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. घट्ट झाकणाच्या बाटलीचे तुकडे मसाल्याच्या डब्यांपर्यंत पोचले होते. टेकवलेल्या झाकणाची बाटली जागच्या जागी शांत होती, फक्त तिच्या तोंडाशी फेस जमला होता.

सकाळी शेजारचे काका आले. मूळचे भंडाऱ्याकडले, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनी दारातच नाक वर केलं. "अरे बाप्पा, तुह्या घरी त सडवा तयार झाला!"

विदर्भात हा शब्द कोणाला नवा नाही. भट्टीवर छापा पडला की पेपरात हमखास येतं, 'इतके लिटर मोहफूल सडवा नष्ट'. सडवा म्हणजे सडवायला घातलेलं मिश्रण, दारू होण्याआधीची पायरी. शब्दात सडणं असलं तरी आत जे चालतं ते कुजण्यापेक्षा फार शिस्तीचं काम असतं. माझ्या बाटलीत नेमकं काय झालं, जुन्या लोकांनी त्याला वळण कसं लावलं आणि त्यांचं कुठे बरोबर होतं, कुठे चुकत होतं, हे समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले. ते इथे मांडतो. पाककृती देत नाहीये, कारण ती वापरणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. त्याबद्दल शेवटी.

सुरुवात गोडव्यापासून. फळाच्या रसात साखर असते. हवेत, सालीवर, आपल्या हातांवर, गाळणीच्या जाळीत यीस्ट नावाचे एकपेशीय जीव असतात. साखर दिसली की ते ती खातात. भरपूर हवा असेल तर ते स्वतःची संख्या वाढवतात. बंद जागेत हवा संपली की त्याच साखरेतून कशीबशी ऊर्जा काढतात, आणि मग त्यांच्याकडून दोन गोष्टी बाहेर पडतात: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हिशोब जवळजवळ अर्धा-अर्धा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. वायूचं वजन कमी वाटतं, पण जागा पाहा. १०० ग्रॅम साखरेतून निघणारा वायू खोलीच्या तापमानाला पंचवीस लिटरहून जास्त जागा मागतो. मी त्याला एका लिटरची बाटली दिली होती, तीही पिळून बंद केलेली.

म्हणून जुन्या पद्धती जगात कुठल्याही असोत, पहिल्या काही दिवसांत भांडं घट्ट बंद करत नाहीत. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात द्राक्षांचा रस आंबतो, त्या पद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये वारशाचा दर्जा दिला. तिथेही रस उसळत असतो तोवर तोंड नीट बंद होत नाही. उसळी बसली की मग झाकण मातीने लिंपतात. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळासाठी बरणीत द्राक्षं, साखर, लवंग आणि मूठभर गहू घालून ठेवायची जुनी पद्धत आहे, तिच्यातही तोंडाला फडकं बांधतात. गहू कशाला, असं विचारलं तर उत्तर मिळतं की 'त्याने चढते'. गव्हाने काही चढत नाही. यीस्टला साखरेखेरीज नायट्रोजन आणि थोडी जीवनसत्त्वं लागतात, ती धान्यातून मिळतात. हातभट्टीवाले काळ्या गुळात नवसागर टाकतात, त्यामागेही हेच आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजे यीस्टसाठी खत. नुसत्या गुळात ते पुरेसं मिळत नाही. नवसागराने दारू 'कडक' होते हा समज मात्र चुकीचा. काम पूर्ण होतं, एवढंच.

आता साखरेचं गणित, कारण सगळ्या जुन्या प्रमाणांची किल्ली तिथे आहे. एका लिटरमध्ये साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होतं. पिकलेल्या वाइनच्या द्राक्षांत लिटरला २०० ग्रॅमहून जास्त साखर भरते, म्हणून काहीही न घालता त्यांची बारा टक्क्यांची वाइन होते. देवाने जणू हिशोब करूनच द्राक्ष बनवलं. आपल्या नागपुरी संत्र्याचं तसं नाही. त्याच्या रसात शंभर ग्रॅमच्या आसपासच विरघळलेला ऐवज असतो, त्यातली सगळीच साखर नाही. निव्वळ संत्र्याचा रस आंबवला तर जेमतेम पाच टक्के होतात. पाच टक्क्यांत काहीच टिकत नाही. बुरशी येते, आंबटाण येतो. द्राक्षाशिवाय इतर फळांच्या घरगुती वाइनमध्ये जगभर साखर, मध किंवा गूळ का मिसळतात त्याचं कारण हेच आहे. गोडीसाठी नव्हे, टिकण्यासाठी. ती साखर शेवटी उरतही नाही.

हे १७ ग्रॅमचं गणित हाताशी धरून मी एका जुन्या श्लोकाकडे गेलो आणि थक्क झालो.

आयुर्वेदात आसव आणि अरिष्ट असे दोन प्रकार आहेत. औषध उकळून काढा केला आणि तो आंबवला तर अरिष्ट, न उकळता आंबवलं तर आसव. द्राक्षारिष्ट, कुमारी आसव या बाटल्या आजही औषधाच्या दुकानात मिळतात आणि त्यांच्या लेबलावर आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं असतं. हा प्रकार फार जुना. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात ८४ आसवांची मोजदाद आहे. त्यांतली २६ फळांची, १० फुलांची, बाकी मुळं, साल, पानं, धान्य, एक साखरेचं. फळांच्या यादीत द्राक्षं आणि खजूर तर आहेतच, पण जांभूळ, कवठ, बोर, चारोळी, फणस, उंबर ही आपल्या जंगलातली मंडळीही आहेत. फुलांच्या दहांत मोह आहे आणि धायटी आहे.

शार्ङ्गधरसंहितेत एक सोपा नियम दिला आहे. एखाद्या अरिष्टात प्रमाण सांगितलं नसेल तर काय करावं? द्रव एक द्रोण, त्यात गूळ एक तुला, मध गुळाच्या निम्मा, वरून टाकायची औषधं दहावा हिस्सा. आजच्या मापात द्रोण म्हणजे १२.२८८ लिटर, पण वैद्यकाची परिभाषा अशी की द्रव पदार्थाचं माप दुप्पट धरायचं, म्हणजे साडेचोवीस लिटरच्या जवळ. तुला म्हणजे ४.८ किलो. मध २.४ किलो. गुळात पंच्याऐंशी टक्के आणि मधात ऐंशी टक्के साखर धरली तर एकूण साखर झाली सुमारे सहा किलो. गूळ आणि मध विरघळल्यावर एकूण द्रव होतो एकोणतीस लिटरांच्या आसपास. सहा हजार भागिले एकोणतीस, म्हणजे लिटरला दोनशे सात ग्रॅम. त्याला १७ ने भागा.

बारा टक्के.

पिकलेल्या द्राक्षाचा आकडा! शार्ङ्गधराला यीस्ट माहीत नव्हतं, अल्कोहोलची टक्केवारी माहीत नव्हती. पण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी कमी गूळ घालून औषध आंबवताना पाहिलं असणार आणि जास्त गूळ घालून ते अर्धवट गोड राहिलेलंही पाहिलं असणार. (बहुतेक यीस्ट बारा ते पंधरा टक्क्यांच्या पुढे स्वतःच्याच अल्कोहोलने थकून थांबतं, मग उरलेली साखर तशीच राहते.) मधला सुरक्षित आकडा श्लोकात बसला. माझ्या मते जुन्या ज्ञानाकडे पाहायची ही योग्य रीत आहे. त्यांना 'सगळं माहीत होतं' म्हणायचं कारण नाही आणि 'काहीच माहीत नव्हतं' म्हणायचंही नाही. कृती बरोबर होती, कारण ठाऊक नव्हतं.

कारण कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. आंबणं ही निव्वळ रासायनिक झीज आहे असं तेव्हाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ मानत. लुई पाश्चरने १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिलं की हे जिवंत पेशींचं काम आहे. मग १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट वाटून, पेशी फोडून नुसता रस घेतला तर त्यानेही साखर आंबते हे दाखवलं. म्हणजे काम पेशीतल्या विकरांचं (एन्झाइमांचं). त्याला १९०७ चं नोबेल मिळालं. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

यीस्ट माहीत नसताना ते मिळवायचं कसं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात 'किण्व' म्हणून विरजणासारखा पदार्थ येतो, त्यावरूनच आपला किण्वन हा शब्द. पुष्कळ ठिकाणी मडकं मुद्दाम स्वच्छ धूत नसत, आधीच्या खेपेचा गाळ पुढच्या खेपेत जाई. विरजण जसं आदल्या दिवशीचं ठेवतो तसंच. वैद्यांचं विरजण म्हणजे धायटीची फुलं. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या जंगलांत उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक नळीसारख्या फुलांनी लदलेलं हे झुडूप दिसतं. फुलांत मध भरलेला असतो, त्या मधात रानटी यीस्ट मुक्कामाला असतं, आणि फुलांतला तुरटपणा नको त्या जंतूंना आवरतो. एकाच पुडीत यीस्ट, त्याचा खाऊ आणि पहारेकरी.

सालीवरच्या यीस्टबद्दल एक गैरसमज दूर करू. काळ्या द्राक्षांवर आणि जांभळावर जी पांढुरकी झिलई असते ती यीस्ट आहे असं खूपजण सांगतात. ती मुख्यतः मेण असते. सालीवर यीस्ट असतं, पण डोळ्यांनी दिसण्याइतकं नाही. शिवाय सालीवरचं बहुतेक यीस्ट कच्च्या दमाचं, चार-पाच टक्के अल्कोहोल झालं की मरतं. शेवटपर्यंत टिकणारं जातिवंत यीस्ट सुरुवातीला फार थोडं असतं, पण बाकीचे पडले की मैदान त्याचंच.

आता हवा. यीस्टला सुरुवातीला हवा हवी, नंतर नको, कारण नंतरच्या हवेचा फायदा वेगळाच गट उचलतो. अॅसिटोबॅक्टर हे जिवाणू अल्कोहोल आणि ऑक्सिजन घेऊन सिरका (व्हिनेगर) बनवतात. ते घरात येतात चिलटांच्या पायांवरून. आंबणाऱ्या फळाभोवती घोंगावणारी ती बारीक चिलटं तुम्ही पाहिली असतील, ती निव्वळ त्रास देत नाहीत, जंतूंची ने-आण करतात. फडकं बांधण्याचं हेही एक कारण. वैद्य मडकं आतून तुपाने माखत आणि अगरू-जटामांसीसारख्या द्रव्यांची धुरी देत. युरोपात लाकडी पिंपात गंधकाची वात पेटवत. दोन्हीकडे हेतू एकच, भांड्यातल्या जंतूंना बाहेर काढणं. गंधकाचा धूर त्यात जास्त प्रभावी, म्हणून तीच पद्धत आधुनिक वाइनमध्ये टिकली.

आंबणं संपलं की नाही हे कसं ओळखायचं? मडक्याला कान लावा, चुरचुर ऐकू येते का पाहा. मग पेटती काडी तोंडाशी न्या. विझली तर आत अजून कार्बन डायऑक्साइड निघतोय, म्हणजे काम चालू आहे. जळत राहिली तर झालं. ही परीक्षा आजही आसव-अरिष्टाच्या पुस्तकांत दिलेली आहे, आणि ती चोख आहे.

उष्णतेचा भाग नागपूरकराला जास्त समजावून सांगायला नको. फळांच्या वाइनला वीस-पंचवीस अंश मानवतात. पस्तिसाच्या पुढे यीस्ट धापा टाकायला लागतं, नको ते वास सोडतं, आणि चाळिशीच्या आसपास आंबणं अर्धवट थांबतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत आपली गच्चीवरची टाकीसुद्धा हात लावू देत नाही. त्या दिवसांत घरात काही आंबवायचं म्हणजे सिरका किंवा घाण, तिसरं काही नाही. म्हणून वैद्य मडकं धान्याच्या राशीत पुरायला सांगत, जॉर्जियावाले रांजण जमिनीत गाडत. धान्याची रास काय किंवा माती काय, दिवस-रात्रीच्या तापमानाचे झटके आत पोचू देत नाहीत. संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्यात बाजारात येतो, हे त्या दृष्टीने सोयीचं. माझ्या कपाटातल्या बाटलीलाही डिसेंबरचीच हवा लागली होती.

पण संत्र्याची खोड वेगळी आहे. इथल्या प्रत्येक घरात हे माहीत असतं की संत्र्याचा रस काढल्या काढल्या प्यायचा, ठेवला की कडू होतो. बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात असलेला एक पदार्थ रसाच्या आंबटपणाने हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. आंबवण्यात तर दिवसच्या दिवस जातात, म्हणजे कडवटपणाला भरपूर वेळ. म्हणून संत्र्याची वाइन करणारे बिया चिरडत नाहीत आणि पापुद्रा जितका काढता येईल तितका काढतात. जांभळात कडूपणा नाही, तुरटपणा आहे, तो वाइनला उलट मानवतो. मोहाचं फूल या सगळ्यांच्या पुढे. वाळलेल्या मोहात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. चैत्रात पहाटे टपटप गळणारी ती मऊ फुलं वेचायला बायका झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, त्यातून कधी वणवे लागतात, आणि वेचताना कधी अस्वल समोर येतं, कारण त्यालाही मोह आवडतो. इतकी साखर असलेलं फूल भिजवलं की ते स्वतःहून आंबतं, म्हणून मोहाला गूळ लागत नाही. भेसळीच्या भट्ट्यांतला 'मोह' बऱ्याचदा गूळच असतो, ही वेगळी गोष्ट.

इथवर जे झालं ती वाइन. ब्रँडी म्हणजे तिची वाफ धरून केलेला अर्क. डच भाषेतल्या 'जाळलेली वाइन' अशा अर्थाच्या शब्दावरून ब्रँडी हे नाव पडलं, आणि ते नाव प्रामाणिक आहे. आपल्याकडे सर्दीला चमचाभर पाजली जाणारी ब्रँडी मात्र पुष्कळदा फळाची नसतेच. देशात विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा ब्रँडीत मळीपासून काढलेलं अल्कोहोल असतं.

मध्य भारतातल्या मोहाच्या जुन्या भट्टीची रचना एकदा समजली की जगातली कुठलीही भट्टी समजते. खाली सडव्याचं मडकं, त्याखाली मंद जाळ. त्यावर तळाला भोकं असलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत मधोमध एक छोटं भांडं. सगळ्यात वर गार पाण्याने भरलेला गंज, म्हणजे पातेलं. जोड ओल्या मातीने लिंपलेले. वाफ वर चढते, गार गंजाच्या बुडाला टेकते, थेंब होऊन मधल्या भांड्यात पडते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. नळी नाही, वळसे नाहीत, सगळं एकावर एक. ज्यांच्याकडे तांब्याची नळी नव्हती त्यांनी भूमितीवर काम भागवलं.

इथे शाळेतला एक गैरसमज मोडायला हवा. अल्कोहोल ७८ अंशांला उकळतं, पाणी १०० ला, म्हणून ७८ वर आधी सगळं अल्कोहोल उडून जातं आणि पाणी मागे राहतं, असं आपण पाठ केलं होतं. तसं होत नाही. दोन्ही एकत्र असले की दोन्ही एकत्रच उडतात, फक्त वाफेत अल्कोहोलचा वाटा जास्त असतो. दहा टक्क्यांचा सडवा नव्वदच्या पुढे उकळतो आणि त्याची पहिली वाफ जवळपास निम्मी अल्कोहोलची असते. जसजसं खालचं अल्कोहोल कमी होतं तसतशी उकळी १०० कडे सरकते आणि थेंब पातळ होत जातात. सगळे थेंब एकत्र केले तर सरासरी पंचवीस-तीस टक्क्यांवर येते. कडक हवी तर हेच पुन्हा भट्टीवर चढवायचं. फ्रान्सच्या कोन्याक भागात तांब्याच्या भट्टीत आठ-नऊ टक्क्यांची वाइन पहिल्यांदा तीस टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्यांदा सत्तरच्या आसपास नेतात. गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली उतरण म्हणजे उर्राक, हलकी, उन्हाळ्यात लिंबू घालून पितात. ती पुन्हा चढवली की फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

तांब्याचीच भट्टी का, याचं उत्तर नाकाशी आहे. आंबताना यीस्ट गंधकाची दुर्गंधी सोडतं आणि तांबं ती धरून ठेवतं. पण आंबट द्रव तांब्यात मुक्काम करू लागला तर कळकतो. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कसं कळकतं हे आपल्या आज्यांना सांगावं लागत नसे. खरा धोका मात्र शिशाचा. जुन्या पत्र्याचे डाग (सोल्डर) लावलेले डबे, गाडीचे रेडिएटर भट्टीत जोडले की डागातलं शिसं अर्कात उतरतं. ते दिसत नाही, वासाला येत नाही, आणि शरीरात साठत जातं.

आता ती प्रसिद्ध पहिली धार. मराठीत एखादी गोष्ट 'पहिल्या धारेची' म्हणणं म्हणजे कौतुक: अस्सल, कडक, भेसळ नसलेली. कडक हे बरोबर. वर सांगितलंच, सर्वांत जास्त अल्कोहोल सुरुवातीच्या थेंबांत असतं. पण त्याच थेंबांत अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेटही जमतात, कारण ती लवकर उडतात. इथाइल अॅसिटेटचा वास म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा. युरोपातले भट्टीवाले धारेचे तीन भाग करतात. डोकं, काळीज, शेपटी. डोकं फेकायचं, काळीज ठेवायचं, शेपटी पुढच्या खेपेत परत टाकायची. शेपटीत फ्यूझेल तेलं म्हणजे जड अल्कोहोलं येतात, ओल्या घोंगडीसारखा वास देतात. म्हणजे ज्या धारेला आपल्या भाषेने मान दिला, ती प्लमची ब्रँडी करणारा सर्बियातला शेतकरी मुकाट ओतून देतो. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे थे धार पाहुण्यायले देत." मग स्वतःच हसले.

डोकं फेकलं की विष गेलं, असं मात्र समजू नका. इथे जुनं शहाणपण तोकडं पडतं आणि आपण ते कबूल केलं पाहिजे.

विष म्हणजे मिथेनॉल. फळांत पेक्टिन असतं, तेच जॅम घट्ट करणारं. फळातली विकरं पेक्टिन तोडतात तेव्हा थोडं मिथेनॉल सुटतं. संत्र्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात पेक्टिन भरपूर, म्हणून तो काढणं नुसत्या कडवटपणासाठी नाही. मिथेनॉल ६५ अंशांला उकळतं, म्हणून ते सगळं पहिल्या धारेत निघून जातं असं कित्येक भट्टीवाले छातीठोक सांगतात. पण पुन्हा तोच शाळेतला गैरसमज. पाण्या-अल्कोहोलच्या मिश्रणात मिथेनॉल डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळ्या धारेत वाटलं जातं. डोकं फेकून वास सुधारतो, मिथेनॉल थोडंच कमी होतं. युरोपीय संघाच्या नियमात द्राक्षाच्या ब्रँडीला शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे २०० ग्रॅमपर्यंत मिथेनॉल चालतं, फळांच्या ब्रँडींना फळानुसार १००० ते १३५० ग्रॅमपर्यंत. म्हणजे ते तिथेही शून्य नसतं. एवढ्या प्रमाणात ते झेपतं, कारण दोन्ही अल्कोहोलं यकृतातल्या एकाच विकरासाठी भांडतात आणि नेहमीचं अल्कोहोल आधी नंबर लावतं.

मग विषारी दारूने माणसं का मरतात? २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती कोणाच्या सडव्यातल्या पेक्टिनने नाही. अशा दुर्घटनांत बहुधा कारखान्यातलं स्वस्त मिथेनॉल दारू म्हणून विकलेलं किंवा दारूत मिसळलेलं असतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांची नस जाळतं. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते, तीस मिलिलिटर जीव घेऊ शकतं. लक्षणं बारा-चोवीस तासांनी दिसतात, तोवर माणूस हँगओव्हर समजून झोपून राहतो. अंधुक दिसू लागलं, डोळ्यांसमोर पांढरं धुकं आलं तर थेट दवाखाना. उपचार आहेत, पण वेळेत पोचलं तरच.

आणि ती निळ्या ज्योतीची परीक्षा? बोट बुडवून काडी लावायची, निळी जळली तर माल चोख. मिथेनॉलही निळसरच जळतं, ज्योत जेमतेम दिसते. बाटली हलवून फेसाचे मणी पाहायची परीक्षाही फक्त ताकद सांगते, निर्धोकपणा नाही. इंग्लंडात बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटते का पाहत, पेटली तर 'प्रूफ' झालं. ते सुमारे ५७ टक्क्यांचं माप. तेही ताकदीचंच. काडीची परीक्षा मडक्याच्या तोंडाशी शंभर टक्के खरी आणि बाटलीशी शंभर टक्के फसवी, हे मला या सगळ्यातलं सर्वांत विचित्र वाटलं.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि त्यात भट्टीच नव्हे, घरात बरणीत केलेली वाइनही येते. 'आम्ही विकत थोडीच होतो' हा बचाव चालत नाही. आसव-अरिष्टही परवान्याखाली बनतात. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबांना स्वतःपुरती मोहाची काढायची मर्यादित सूट आहे, पण आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली हे तर दारूबंदीचेच जिल्हे. कोणाला फळांच्या वाइनचा खरोखर नाद लागला असेल तर त्याने परवाना काढावा.

राहिली माझी दुसरी बाटली, आटे गेलेल्या झाकणाची. काकांनी तिच्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याले हात नको लावू, उघडंच ठेव. चिलटं येऊ दे." मी वर मलमलचं फडकं टाकलं, पण आधी चार दिवस चिलटांना मोकळं सोडलं. फेब्रुवारीत वर पातळ साय धरली, मार्चपर्यंत वास बदलला. सिरका कायद्यात बसतो. आता रविवारी सावजीचा रस्सा केला की सोबतच्या कांद्यावर तो शिंपडतो. लिमोनिनचा कडवटपणा अजून आहे जिभेच्या मागे, पण कांद्यात लपतो.